वायोमिंगमधील प्राँगहॉर्नची शिकार: जमीन, परवाना आणि मुक्काम यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी वाचकांना पहिल्यांदाच वायोमिंगला शिकारीसाठी जायचे आहे, त्यांच्या मनात येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. बंदूक कोणती घ्यावी आणि नेम कसा धरावा यांविषयी माहिती देणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे येथे भर दिला आहे तो जेथे शिकार कायदेशीरपणे करता येईल अशी जमीन आणि तिच्याजवळचा मुक्काम यांवर.

प्राँगहॉर्न म्हणजे नेमके कोणते जनावर, आणि त्यासाठी वायोमिंगच का?

अमेरिकेत लोक याला सर्रास अँटिलोप म्हणतात, पण आपल्या काळविटाच्या किंवा चिंकाऱ्याच्या कुळाशी त्याचा थेट संबंध नाही. ते एका स्वतंत्र कुळातले आज उरलेले एकमेव जनावर असून आजच्या प्राण्यांत जिराफ आणि ओकापी हे त्याचे जवळचे नातेवाईक मानले जातात. त्याच्या शिंगांवरचे आवरण दरवर्षी गळते आणि नवे येते. ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास धावण्याची त्याची क्षमता आहे, नजर अतिशय तीक्ष्ण आहे आणि राहणे उघड्या माळावर. त्यामुळे जनावर शिकाऱ्याला दिसण्याच्या बऱ्याच आधी शिकारी जनावराला दिसलेला असतो. जगातील सर्वाधिक प्राँगहॉर्न वायोमिंगमध्ये आहेत आणि राज्याची माणसांची वस्ती सहा लाखांहूनही कमी आहे. परराज्यातील शिकाऱ्याला तुलनेने लवकर परवाना मिळू शकतो, हे त्या राज्याकडे वळण्याचे खरे कारण.

आधी परवाना घ्यावा, जमीन शोधावी, की खोली राखून ठेवावी?

बहुतेक लोक खोलीपासून सुरुवात करतात, कारण तेवढेच काम घरबसल्या पाच मिनिटांत होते. त्यानंतर परवान्यासाठी अर्ज करतात आणि जमिनीचा विचार शिकारीच्या आठवड्यावर ढकलतात. हा क्रम पूर्ण उलटा हवा. वायोमिंगमधील परवाना संपूर्ण राज्यासाठी नसतो. राज्याचे क्रमांक दिलेले अनेक शिकार विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक परवाना एका ठरावीक विभागापुरता व ठरावीक प्रकारापुरता असतो. एखाद्या विभागात जनावरे भरपूर आणि परवाने सहज मिळणारे असतील, तर त्यामागे बहुधा एक साधे कारण असते: तिथली बरीचशी जमीन खासगी आहे आणि बाहेरच्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. राज्याचे वन्यजीव खातेही ज्या विभागांत सार्वजनिक जमिनीपर्यंत पोहोचणे अवघड आहे त्यांविषयी अर्जाच्या माहितीत सावध करते. जुलैमध्ये विक्रीस येणारे उरलेले परवाने प्रामुख्याने अशाच विभागांतले असतात. म्हणून आधी नकाशावर जमीन पाहावी, तिथे कायदेशीरपणे कसे पोहोचता येईल हे ठरवावे, मग त्या विभागासाठी अर्ज करावा आणि अखेरीस त्या जमिनीजवळचे गाव मुक्कामासाठी निवडावे.

परवान्याची सोडत कशी चालते?

परराज्यातील अर्जदारांसाठी अर्ज वर्षाच्या सुरुवातीपासून साधारणपणे जूनच्या पहिल्या दिवसांपर्यंत स्वीकारले जातात आणि निकाल जूनमध्येच लागतो. नेमकी तारीख दरवर्षी थोडी बदलते, म्हणून ती खात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. सोडत दोन दरांत होते. नियमित परवान्याचे शुल्क अलीकडच्या हंगामांत ३२६ डॉलर राहिले आहे आणि विशेष परवान्याचे १,२०० डॉलर. अर्जाचे शुल्क वेगळे. दोन्हींनी मिळणारा परवाना एकच असतो, मात्र परराज्यातल्यांच्या वाट्याचे ६० टक्के परवाने नियमित दराच्या सोडतीला आणि ४० टक्के विशेष दराच्या सोडतीला जातात. महाग रांगेत गर्दी कमी असते, एवढाच त्या जादा पैशांचा लाभ. दोन्ही सोडतींत ७५ टक्के परवाने आधीच्या वर्षांत साठवलेल्या प्रेफरन्स पॉइंटच्या, म्हणजे अग्रक्रमाच्या गुणांच्या, क्रमाने आणि उरलेले कोणताही क्रम न पाहता दिले जातात, त्यामुळे एकही पॉइंट नसलेल्याचेही नाव निघू शकते.

मादी किंवा पिल्लासाठीचा परवाना परराज्यातल्यांनाही ३४ डॉलरच्या घरात मिळतो आणि ज्यांना मुख्यतः मांस हवे आहे त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. मात्र या परवान्यांवर कित्येकदा 'फक्त खासगी जमिनीवर वैध' किंवा 'विभागाच्या अमुक भागातच वैध' अशा अटी असतात. नियमपुस्तिकेतील मर्यादांचा तो रकाना न वाचता स्वस्त परवाना घेणारे पुष्कळ आहेत, आणि मालकाची परवानगी हाती नसेल तर अशा परवान्याचा त्यांना काहीच उपयोग होत नाही.

नकाशावर सार्वजनिक जमीन कशी ओळखावी?

वायोमिंगची साधारण निम्मी जमीन सार्वजनिक आहे. तिचा सर्वांत मोठा वाटा ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय संस्थेकडे, म्हणजे बीएलएमकडे आहे. तो सुमारे १ कोटी ८० लाख एकर भरतो. बीएलएमच्या जमीनमालकीच्या नकाशांवर ही जमीन पिवळी, राज्याची निळी, राष्ट्रीय वनांची हिरवी आणि खासगी जमीन पांढरी दाखवतात. मोबाइलवरील ऑनएक्ससारख्या ॲपमध्येही मालकीच्या सीमा दिसतात, शिवाय खासगी तुकड्यावर मालकाचे नावही येते. आपल्याकडे सातबारा जसा कोणालाही पाहता येतो, तशीच तेथील काउंटीच्या दप्तरातील मालकीची नोंद खुली असते.

राज्याच्या मालकीच्या जमिनीबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तेथील भूमापनात छत्तीस चौरस मैलांची एक टाउनशिप धरतात आणि तिचे प्रत्येकी ६४० एकरांचे छत्तीस सेक्शन पाडतात. त्यांतले सोळावे आणि छत्तिसावे सेक्शन शाळांच्या उत्पन्नासाठी राज्याकडे आले. त्यामुळे राज्याची जमीन नकाशावर सुट्या निळ्या चौकोनांच्या रूपात विखुरलेली दिसते आणि त्यांतले पुष्कळ चौकोन चारही बाजूंनी खासगी जमिनीने वेढलेले आहेत. राज्याच्या जमिनीवर शिकार करता येते, पण पिके उभी असलेल्या भागात नाही. वाहन केवळ आखलेल्या रस्त्यांवरून न्यावे लागते. रात्रीचा मुक्काम आणि उघडी शेकोटी, खास परवानगी दिलेली जागा नसेल तर, मनाई आहे.

नकाशावर जमीन सार्वजनिक दिसते, पण तिथपर्यंत रस्ता नाही. मग काय करावे?

वायोमिंगमधील जमिनीचा मुख्य पेच हाच आहे. केवळ केंद्र सरकारच्याच जमिनीपैकी सुमारे ३० लाख एकर अशा आहेत, की त्यांच्यापर्यंत कोणताही सार्वजनिक रस्ता किंवा वाट जात नाही. याचे मूळ रेल्वेच्या इतिहासात आहे. १८६२ च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने आणि त्याच्या १८६४ मधील दुरुस्तीने युनियन पॅसिफिक कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस मैलांपर्यंतचे विषम क्रमांकांचे सेक्शन मिळाले आणि सम क्रमांकांचे सरकारकडे राहिले. रेल्वेकडील जमिनीचा मोठा भाग पुढे रँचच्या, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या कुरणांच्या, मालकांकडे गेला. लॅरमीपासून रॉलिन्स, रॉक स्प्रिंग्ज आणि पुढे एव्हनस्टनपर्यंत आय-८० महामार्गाच्या आजूबाजूला हा चेकरबोर्ड आजही तसाच आहे: एक चौकोन सरकारी, शेजारचा खासगी, आणि दोन सरकारी चौकोनांची गाठ पडते ती केवळ एका कोपऱ्यावर.

तो कोपरा ओलांडून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात पाऊल टाकणे हे खासगी जमिनीवरील अतिक्रमण ठरते का, हा प्रश्न अनेक वर्षे अधांतरी होता. २०२१ मध्ये कार्बन काउंटीतील एल्क माउंटनजवळ मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी असे कोपरे ओलांडले. फौजदारी खटल्यात २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. त्यानंतर जमीनमालकाने केलेल्या दिवाणी दाव्यात २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, मार्च २०२५ मध्ये दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो कायम ठेवला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. या निकालाचा आधार १८८५ चा बेकायदा कुंपणांविरुद्धचा कायदा आहे. त्यामुळे खासगी जमिनीला आणि तिच्यावरील वस्तूंना स्पर्श न करता एका सार्वजनिक चौकोनातून दुसऱ्यात जाणे आज वायोमिंगच्या चेकरबोर्डमध्ये कायद्याला धरून आहे.

तरीही तीन बंधने सोडू नयेत. हा कायदा केंद्र सरकारच्या जमिनीविषयीचा आहे. राज्याच्या निळ्या चौकोनांनाही तो लागू पडतो असे गृहीत धरू नये. कोपरा म्हणजे भूमापनाची खूण असलेला नेमका बिंदू असतो. मोबाइलवरची रेघ काही मीटर इकडेतिकडे असू शकते, म्हणून खूण प्रत्यक्ष सापडेपर्यंत ओलांडू नये. आणि कोपरा पायीच ओलांडावा. पहिल्याच फेरीला आलेल्या शिकाऱ्याने कोपऱ्यांच्या भरवशावर सगळी योजना आखू नये असे माझे मत आहे, कारण मोठे सलग सार्वजनिक पट्टे असलेले विभाग उपलब्ध असताना ही कसरत करण्याची गरज पडत नाही.

कुंपणाला पाटी नसेल तर खासगी जमिनीवर जाता येते का?

नाही. वायोमिंगमध्ये शिकारीसाठी खासगी जमिनीवर जायचे असेल तर मालकाची किंवा ती सांभाळणाऱ्याची परवानगी लागतेच, पाटी असो वा नसो. शिकार करण्यासाठी नुसती खासगी जमीन ओलांडून जाणे हेही त्यात येते, हे २०२३ मधील दुरुस्तीने अधिकच स्पष्ट झाले आहे. उलट बाजूही लक्षात घ्यावी: माळावरचे बरेचसे कुंपण गुरांसाठी असते, मालकीची हद्द दाखवण्यासाठी नव्हे, त्यामुळे सरकारी जमिनीवरही कुंपणे आढळतात. हद्द नकाशावरून ठरवावी, तारेवरून नव्हे.

वॉक-इन एरिया आणि हंटर मॅनेजमेंट एरिया म्हणजे काय?

वायोमिंगचे वन्यजीव खाते ॲक्सेस येस या योजनेखाली जमीनमालकांशी करार करते आणि त्या खासगी जमिनी शिकाऱ्यांना खुल्या करते. वॉक-इन एरियात वेगळी परवानगी काढावी लागत नाही. ठरावीक जागी गाडी उभी करून सामान्यतः पायी आत जावे लागते. मुक्काम आणि शेकोटी चालत नाही, आणि कोणत्या जनावरासाठी व कोणत्या तारखांना ती जमीन खुली आहे हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. हंटर मॅनेजमेंट एरियाचे क्षेत्र बहुधा मोठे असते आणि त्यासाठी खात्याच्या संकेतस्थळावरून विनामूल्य परवानगीपत्र काढून ते जवळ बाळगावे लागते. काही ठिकाणी पत्रांची संख्या मर्यादित असते आणि ती लवकर संपतात, म्हणून परवान्याचा निकाल लागताच त्या वर्षीची यादी पाहून घ्यावी. गेल्या वर्षी खुली असलेली जमीन यंदाही खुली असेलच असे नाही, कारण करार दरवर्षी बदलू शकतात.

पहिल्या फेरीसाठी कोणता भाग निवडावा?

ईशान्येकडील थंडर बेसिन नॅशनल ग्रासलँड हा पहिल्या फेरीसाठी समंजस पर्याय आहे. सुमारे साडेपाच लाख एकरांचे हे सरकारी गवताळ क्षेत्र जिलेट, राइट आणि डग्लस या गावांच्या मधोमध पसरलेले आहे. १९३० च्या दशकातील दुष्काळात देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने विकत घेतल्या आणि त्यांतून हे क्षेत्र उभे राहिले. म्हणूनच ते सलग नाही, मध्ये मध्ये खासगी रँच घुसलेल्या आहेत आणि नकाशाकडे नजर ठेवूनच चालावे लागते. तरीही काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवरून थेट सार्वजनिक जमिनीत उतरता येईल अशा जागा तेथे पुष्कळ आहेत.

कॅस्पर आणि मेडिसिन बो यांच्या दरम्यानचे शर्ली बेसिन हा दुसरा पर्याय. सरकारी, राज्याची आणि खासगी अशी सरमिसळ जमीन, त्यात खात्याच्या योजनेतल्या जागा आणि प्राँगहॉर्नची भरपूर संख्या. वाऱ्याची तयारी मात्र ठेवावी.

रॉलिन्स आणि रॉक स्प्रिंग्ज यांच्या उत्तरेला पसरलेल्या रेड डेझर्टमध्ये बीएलएमचे मोठे सलग पट्टे आहेत. तेथील चांगल्या विभागांसाठी अनेक वर्षांचे पॉइंट लागतात. शिवाय २०२२-२३ च्या अतिकडक हिवाळ्यात राज्याच्या पश्चिम भागातील प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले. पाइनडेलच्या परिसरात मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची त्यात भर पडली. त्यानंतर तिकडील परवान्यांत मोठी कपात झाली. कळप सावरेपर्यंत पूर्वेकडे जाणे बरे.

पावडर रिव्हर बेसिन, म्हणजे जिलेट, बफेलो आणि शेरिडन यांच्या मधला प्रदेश, जनावरांनी भरलेला आहे. मात्र तिथली जमीन मुख्यतः खासगी आहे, त्यामुळे रँचमालकाशी आधी बोलणे झाले असेल तरच तिकडचा परवाना घ्यावा. विंड रिव्हर या मूळ अमेरिकन जमातींच्या आरक्षित प्रदेशात जमातीच्या जमिनीवर जमातीच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही.

रँचमालकाकडे परवानगी कशी मागावी, आणि पैसे द्यावे लागतात का?

परवानगी वसंतात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच मागावी. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी दार ठोठावणारा पाहुणा कोणालाच नको असतो, आणि ऑक्टोबरमध्ये गुरे विक्रीसाठी गोळा करण्याच्या घाईत रँचवर कोणाला बोलायला सवड नसते. फोन संध्याकाळी, जेवणाच्या वेळेच्या पुढेमागे करावा. आपण किती जण आहोत, कोणत्या तारखांना येणार, नर हवा की मादी, किती गाड्या आणणार हे पहिल्याच वाक्यांत सांगावे. मादीसाठी परवानगी मिळणे बरेच सोपे असते. गवतावर आणि अल्फाल्फाच्या शेतावर ताव मारणारे कळप कमी व्हावेत असे मालकालाही वाटत असते. खात्याची प्रादेशिक कार्यालये कॅस्पर, शेरिडन, लॅरमी, लँडर, ग्रीन रिव्हर आदी ठिकाणी आहेत. कोणत्या भागात मालकांना शिकारी हवे आहेत हे तेथील कर्मचाऱ्यांना ठाऊक असते, आणि नीट विचारले तर ते सांगतातही.

पैशांचे म्हणाल तर आज पुष्कळ मालक प्रवेशासाठी शुल्क घेतात, त्याला तिकडे ट्रेसपास फी म्हणतात. मादीसाठी ती कमी असते, नरासाठी जास्त, आणि मोठ्या शिंगांच्या नरांबद्दल नाव असलेल्या रँचवर बरीच जास्त. त्यात राहण्याची सोय, जुन्या बंकहाउसमधली खाट आणि मांस टांगायला शेड मिळत असेल, तर एकूण हिशेबात मोटेलपेक्षा हा सौदा स्वस्त पडू शकतो. मालक स्वतःच्या जमिनीवर प्रवेश देण्याचे पैसे घेऊ शकतो, पण जो पैसे घेऊन शिकार घडवून आणण्याचा धंदा करतो त्याच्याकडे राज्याच्या आउटफिटर मंडळाचा परवाना हवा; तो आहे की नाही हे आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी तपासावे.

परवानगी मिळाली की ती लेखी घ्यावी, मग ती साध्या कागदावर दोन ओळींची असली तरी चालेल. उघडलेले फाटक उघडे आणि बंद असलेले बंद ठेवावे. कोरड्या गवतात गाडी उभी करू नये, कारण तापलेल्या एक्झॉस्टमुळे माळ पेटतो आणि त्याची किंमत मालकाला हिवाळाभर मोजावी लागते. खासगी जमिनीवर प्राँगहॉर्न मारल्यास परवान्याला जोडलेले जमीनमालकाचे कूपन त्याला द्यावे. त्यावर खात्याकडून त्याला थोडी रक्कम मिळते. रकमेपेक्षा आठवणीने दिलेले कूपन पुढच्या वर्षीच्या फोनला अधिक उपयोगी पडते.

परराज्यातल्या माणसाला वाटाड्या ठेवावाच लागतो का?

नाही. ती सक्ती केवळ केंद्राने घोषित केलेल्या विल्डरनेस क्षेत्रांपुरती आहे, आणि प्राँगहॉर्न राहतो तो खुल्या माळावर.

मुक्कामासाठी कोणते गाव धरावे?

आपल्या जमिनीपासून पाऊण तासाच्या आत असलेले गाव धरावे, कारण दिवस उजाडण्याच्या आत माळावर पोहोचायचे असते. थंडर बेसिनसाठी डग्लस, राइट किंवा जिलेट. शर्ली बेसिनसाठी कॅस्पर, किंवा दक्षिणेकडून येत असाल तर लॅरमी. रेड डेझर्टसाठी रॉलिन्स किंवा रॉक स्प्रिंग्ज. डेन्व्हरला उतरून आय-२५ महामार्गाने कॅस्परला जायला चार तासांच्या आसपास लागतात. जिलेटला जाणाऱ्यांनी साउथ डकोटातील रॅपिड सिटीचा विमानतळही पाहावा, तो बराच जवळ पडतो.

जिलेट, राइट आणि डग्लस ही कोळसा आणि तेल यांवर चालणारी गावे आहेत. त्या धंद्यात तेजी असली की कामगारांनी मोटेल आठवडेच्या आठवडे भरलेली असतात आणि खोली मिळालीच तर चढ्या दराने. खोली घेताना किमतीइतकेच तीन गोष्टींना महत्त्व द्यावे: गाडी खोलीच्या दारासमोर उभी करता येते का, मांस ठेवायला फ्रीझर आहे का, आणि जनावर साफ करण्यासाठी बाहेर नळ असलेली जागा आहे का. शिकाऱ्यांची सवय असलेल्या गावांतली जुनी, एकमजली मोटेल या तिन्ही बाबतींत साखळी हॉटेलांपेक्षा अधिक उपयुक्त ठरतात. न्हाणीघरात मांस धुऊ नये. मोटेलवाले त्याचा वेगळा दंड लावतात, आणि ते योग्यच आहे. लहान गावांतील खानावळी लवकर बंद होतात, म्हणून रात्रीच्या जेवणाची सोय स्वतःजवळ ठेवावी.

खोली केव्हा राखून ठेवावी?

सोडतीचा निकाल लागायच्या आधीच, पण रद्द करता येईल अशीच. निकाल लागल्याच्या आठवड्यात त्या विभागाचा परवाना मिळालेले सगळेच फोन करू लागतात. हंगाम विभागानुसार वेगवेगळ्या तारखांना उघडतो: धनुष्यबाणाची शिकार बहुतेक ठिकाणी १५ ऑगस्टपासून, बंदुकीची सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत केव्हाही. पहिला शनिवार-रविवार सोडून मधल्या आठवड्यात गेल्यास खोली सहज मिळते आणि माळावर गर्दीही कमी असते. तोपर्यंत जनावरे थोडी बुजलेली असतात, हे खरे.

तंबू ठोकून राहिले तर?

बीएलएमच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी एका जागी चौदा दिवसांपर्यंत विनामूल्य राहता येते, आणि जमिनीला लागून राहण्यासारखे सुख नाही. पण तेथे पाणी नाही, शौचालय नाही, झाड नाही आणि वारा थांबत नाही. स्वस्तातला घुमटी तंबू पहिल्याच रात्री उडून जातो. मजबूत खांबांचा, ठेंगणा तंबू किंवा गाडीच्या मागच्या भागात झोपणे बरे. ऑक्टोबरमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो. आरव्ही घेऊन जाणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे, कारण पाइप गोठतील म्हणून कित्येक आरव्ही पार्क ऑक्टोबरमध्ये पाणी बंद करतात.

रस्त्यांविषयी काय सावधगिरी बाळगावी?

पूर्व वायोमिंगमधील मातीत बेंटोनाइटचे प्रमाण मोठे आहे. थोडा पाऊस पडला की कच्च्या रस्त्यावर असा चिखल होतो की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा जागच्या जागी फिरत राहते. पाऊस असेल तर रस्ता वाळेपर्यंत थांबावे; ओल्या रस्त्यात खोल चाकोऱ्या पाडणाऱ्यावर मालक आणि काउंटी दोघेही रागावतात. लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० चा टप्पा वाऱ्यामुळे आणि हिमवादळामुळे बंद होतो, कधी कधी ऑक्टोबरमध्येही. परतीच्या विमानाआधी एक दिवस हातात ठेवावा. कॅस्पर ते रॉलिन्सच्या वाटेवर आणि रेड डेझर्टच्या आसपास पेट्रोल पंप फार विरळ आहेत, मोबाइलची रेंजही तशीच. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.

एच-१बी व्हिसावर असताना बंदूक बाळगता येते का?

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक आणि काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अमेरिकेतील कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्याला कायद्यातच अपवाद आहे. म्हणजे परवान्याआधी मित्राची बंदूक उसनी घेऊन सराव करणेही अंगाशी येऊ शकते. हा अपवाद कागदोपत्री सिद्ध करता यायला हवा, आणि व्हिसाचा प्रश्न असल्याने वकिलाशी एकदा बोलून घेणे हा अनाठायी खर्च नव्हे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. राज्यात एक वर्ष वास्तव्य नसलेला प्रत्येक जण, नागरिक असला तरी, वायोमिंगच्या दृष्टीने परराज्यातलाच धरला जातो आणि शुल्कही त्याच दराने भरतो.

१ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. ते कोणत्याही राज्यातले चालते. बंदुकीने शिकार करताना भडक केशरी किंवा भडक गुलाबी रंगाचे किमान एक वरचे वस्त्र किंवा टोपी घालावी लागते. सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास हीच गोळी झाडण्याची मुभा असलेली वेळ. सार्वजनिक रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या पलीकडे गोळी झाडता येत नाही.

मांसाची सोय कशी करावी?

प्राँगहॉर्नचे मांस उग्र लागते अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा उन्हात तापलेले मांस खाल्लेले असते. सप्टेंबरमध्ये दुपारी पारा पंचवीस ते तीस अंशांपर्यंत जातो आणि प्राँगहॉर्नच्या कातडीवरचे पोकळ केस उष्णता कोंडून ठेवतात. म्हणून जनावर पडल्यावर ताबडतोब पोट साफ करावे, कातडी लवकर काढावी आणि मांस बर्फाच्या पेटीत घालावे, मात्र वितळलेल्या पाण्यात बुडू देऊ नये. परवान्याचे कूपन तारीख टाकून, सही करून आधी जनावराला लावावे लागते. ते न करता जनावर हलवणे हा गुन्हा आहे. मोठा नर पन्नास किलोंच्या आसपास भरतो आणि हाडाविना साधारण पंधरा ते वीस किलो मांस मिळते, त्यामुळे दोन मोठ्या पेट्या पुरतात. खाण्याजोगे मांस माळावर सोडून येणे कायद्याने दंडनीय आहे.

कॅस्पर, डग्लस, जिलेट अशा गावांत शिकारीचे मांस कापून, बांधून देणारी दुकाने आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे रांग लागते आणि काही जण नवे जनावर घेणे बंद करतात, म्हणून मोटेलची खोली घेतानाच या दुकानांनाही फोन करून ठेवावा. विमानाने परतणाऱ्यांना गोठवलेले मांस पेटीत घालून सामानात देता येते. सुका बर्फ प्रत्येक प्रवाशाला अडीच किलोपर्यंत आणि विमान कंपनीच्या संमतीनेच नेता येतो.

शिंगे किंवा मांस भारतात नेता येईल का?

तसा बेत करू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि रेहेकुरीच्या अभयारण्यात ज्या काळविटांना आपण लांबून पाहतो त्यांना त्या कायद्यात सर्वोच्च संरक्षण आहे. परदेशातून वन्यप्राण्यांची शिंगे, कातडी आणणे यावर कडक निर्बंध आहेत आणि मांसाला आयातीचा वेगळा आरोग्यविषयक परवाना लागतो. प्राँगहॉर्नच्या शिंगांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे: मेक्सिकोतील प्राँगहॉर्न आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, अमेरिकेतला नाही, आणि ते शिंग नेमके कोठले हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पाहून ओळखता येत नाही. शिंगे अमेरिकेतील घरीच ठेवावीत. मांस शिजवायचे असेल तर खिमा करून, थोडे तेल जास्त घालून, मंद आचेवर शिजवावे. चरबी फारच कमी असल्याने ते लवकर कोरडे पडते.